पाचवे शील आणि गिलानुपट्ठान : कुही परिसरातील एका प्रसंगाच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या काळात कुही तालुक्यातील एका खेड्यात पंचशीलावर प्रवचन देण्यासाठी आम्ही गेलो होतो. नागपूरच्या आग्नेयेस असलेला हा भूभाग पालीच्या अभ्यासकास परका नाही. याच तालुक्यातील आडम येथील उत्खननात अस्सक जनपदाचा उल्लेख असलेली मुद्रा सापडली. वैनगंगेकाठी पवनी येथे जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचे अवशेष १९६९-७० मधील उत्खननाने उजेडात आले. त्या दिवशी मात्र आमचे लक्ष प्राचीन अवशेषांकडे नव्हते. त्रिसरण-पंचशील ग्रहण करताना समोर बसलेला पन्नाशीचा एक उपासक चार शीले खणखणीत स्वरात म्हणाला आणि पाचव्या शिलास गप्प राहिला. नंतर आम्ही त्यास कारण विचारले. तो म्हणाला, "सर, चौथं शील म्हटलं ना आत्ता, खोटं बोलनार नाही म्हनून. मंग पाचवं कसं म्हनू?"

या उत्तराने आम्ही भारावून गेलो आणि भारावलेल्या माणसाच्या हातून घडते तीच चूक आमच्या हातून घडली. सर्वांसमक्ष त्याच्याकडून आम्ही त्याच क्षणापासून दारू सोडण्याचे वचन घेतले. वीस वर्षे रोज पिणाऱ्या त्या माणसाने ते प्रामाणिकपणे पाळले. तिसऱ्या रात्री त्यास आकडी आली. नसलेली माणसे दिसू लागली, आवाज ऐकू येऊ लागले. घरच्यांनी ती बाहेरची बाधा समजून एक दिवस घालविला आणि मग त्यास नागपूरला नेले. तो वाचला. पुढे भेट झाली तेव्हा त्याची पत्नी आम्हांस म्हणाली, "तुमी सोडाले सांगतलं, पन कसं सोडाचं ते नाही सांगतलं."

प्रस्तुत लेख त्या वाक्यातून निघाला आहे. 'कसे सोडावे' या प्रश्नाविषयी आपल्या परंपरेत काही आहे काय, हे शोधण्यासाठी आम्ही विनयपिटकाकडे पुन्हा वळलो.

मद्यपानाविषयीचा भिक्खूंचा नियम हा पाचित्तियांपैकी एक्कावन्नावा आहे. त्याची निदानकथा सागत थेरांची. अंबतित्थ येथील जटिलाच्या आश्रमात राहणाऱ्या उग्र नागाला या थेरांनी आपल्या तेजोबलाने जिंकले आणि त्यांची कीर्ती कोसंबीपर्यंत पोचली. तेथील उपासकांना त्यांचा सत्कार करावयाचा होता. काय द्यावे, असे त्यांनी विचारले असता छब्बग्गिय भिक्खूंनी कापोतिका नावाच्या मद्याचे नाव सुचविले. मग घरोघर ते तयार झाले, थेर घरोघर प्याले आणि नगराबाहेर पडताना वेशीतच कोसळले. सत्कारापायी, प्रेमापायी पाजणारे लोक त्या काळीही होते, हे येथे नोंदवून ठेवावे. लग्नाच्या मांडवामागे काय चालते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणे नको.

तथागतांनी त्यांना त्या अवस्थेत पाहिले. त्यांचे पहिले वाक्य निषेधाचे नाही. सागतास उचलून घ्या, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. भिक्खूंनी त्यांना आरामात आणून भगवंतांकडे डोके करून निजविले. शुद्ध हरपलेले थेर फिरले आणि भगवंतांकडे पाय करून निजले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, पूर्वी सागत आमच्याविषयी आदर बाळगीत नव्हता काय, आणि नागाशी झुंजणारा हा आता साध्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय. नियम घालून दिला तो यानंतर.

या कथेतील तीन गोष्टींकडे आमचे पूर्वी दुर्लक्ष झाले होते. पडलेल्यास आधी उचलून आणले गेले, ही पहिली. दुसरी अशी की, मद्यपान पाराजिकांत बसविलेले नाही. पाराजिक घडले की भिक्खू संघातून जातो. पाचित्तिय घडले तर दुसऱ्या भिक्खूपाशी ते उघड करावयाचे, पुढे संयम राखण्याचे मान्य करावयाचे आणि संघातच राहावयाचे. तिसरी गोष्ट, प्रथम दोषी म्हणून सागतांना आपत्ती लागली नाही. आणि तेजोधातूत कुशल असलेल्या भिक्खूंमध्ये अग्र म्हणून अंगुत्तर निकायात ज्यांचे नाव येते ते हेच सागत होत. वेशीतील त्या पडण्याने त्यांचे नाव यादीतून कोणी खोडले नाही.

उपासकांच्या बाबतीत संयुत्त निकायातील सरकानि शाक्याचे उदाहरण याहून बोलके आहे. सरकानि वारला आणि भगवंतांनी त्यास स्रोतापन्न म्हणून सांगितले. शाक्यांना ते रुचले नाही. तो तर शिकवणीत दुबळा होता, दारू पीत होता. तो स्रोतापन्न असेल तर कोण नसेल, अशी कुरकुर सुरू झाली. महानामाने ती भगवंतांच्या कानी घातली. भगवंतांनी सरकानिचे पिणे नाकारले नाही. दीर्घकाळ शरण गेलेला उपासक अधोगतीस कसा जाईल, असे विचारले, आणि मरणसमयी त्याने शिकवण स्वीकारली होती हे सांगितले. आमच्या गावोगावच्या विहारांत ही कुरकुर आजही ऐकू येते. पिणारा माणूस विहारात आला की माना वळतात. त्याची पत्नी मागच्या रांगेत सरकते. सिगालोवादात मद्यपानाचे जे सहा अपाय सांगितले आहेत त्यांवर आपण तासभर बोलतो, आणि ते सहाही ज्याच्या घरात वास करून आहेत त्यास बोलावयास मिनिटभरही देत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा सतरावी आहे. तिचे सामाजिक मोल सांगण्यास हा लेख अपुरा पडेल. मोहाच्या झाडांच्या या मुलखात कित्येक वस्त्यांमधील भट्ट्या तिच्यामुळे विझल्या, हे जुन्या पिढीने पाहिले आहे. परंतु हेच बाबासाहेब सरकारी दारूबंदीचे समर्थक नव्हते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी उठविण्याची मागणी होती. शील हे स्वतः घ्यावयाचे असते, हा भेद त्यांच्यापुढे स्पष्ट असावा, असे आमचे मत आहे. 'सिक्खापद' या शब्दातही तेच आहे. शिकण्याचा एकेक टप्पा, जो 'समादियामि' म्हणून पुनःपुन्हा घ्यावयाचा. मोडला तर पुन्हा घ्यावयाचा.

तथापि शील घेणारा माणूस आजारी असेल तर काय? येथे महावग्गाचा आठवा खंधक उपयोगी पडतो. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूस भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पुढचा भाग फारसा वाचला जात नाही. तेथे शुश्रूषा करण्यास सोपा रुग्ण कोणता, तर जो पथ्य पाळतो, पथ्यातील प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे वाढले की उतरले हे शुश्रूषा करणाऱ्यास खरेखरे सांगतो आणि वेदना सोसतो, असे म्हटले आहे. शुश्रूषा करणाऱ्याने औषध सिद्ध करता येणारे, हितकर ते जवळ आणणारे व अहितकर ते दूर नेणारे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारे, मलमूत्र आणि वांती उचलताना किळस न मानणारे आणि वेळोवेळी धम्मकथेने धीर देणारे असावे. प्रवचन या यादीत शेवटी आहे. आम्ही ते प्रथम ठेवले आणि औषध विसरलो.

आधुनिक वैद्यकाने 'कसे सोडावे' याचे उत्तर बरेचसे दिले आहे. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हातपाय थरथरणे, घाम, निद्रानाश, आकडी आणि दोनचार दिवसांत भ्रमाची अवस्था येऊ शकते. उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि थायमिन देऊन काढावे लागतात. त्यानंतरचे काम महिनोन्महिन्यांचे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. तरीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एखाद्यासच कोणताही उपचार मिळाल्याचे आढळले.

संस्थांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांशी बोलून अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा पाया घातला. महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी 'सहचरी' गट चालविण्याची त्यांची कल्पना आम्हांस विशेष मोलाची वाटते, कारण कुहीतील त्या माउलीस कोणी विचारलेच नव्हते. थायलंडमध्ये तर एका विहारानेच हे काम अंगावर घेतले. साराबुरी प्रांतातील वाट थामक्राबोक येथे १९५९ पासून अफूच्या व्यसनींना वनौषधींचे वांतिकारक देऊन शुद्धी करण्याची पद्धत चालू झाली. तेथील भिक्खू चामरून यांना १९७५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे उपचारापूर्वी 'सच्च' म्हणजे सत्यप्रतिज्ञा घ्यावी लागते. प्रतिज्ञा आणि औषध एकाच छताखाली. त्यांची औषधे आपण उचलावीत असे आम्ही सुचवीत नाही. तो डॉक्टरांचा प्रांत आहे.

कुहीच्या माणसास नागपूर दूर नाही. मेडिकलचा मानसोपचार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय तेथे आहे. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीची १४४४६ ही आणि मानसिक आरोग्याची १४४१६ ही दूरध्वनी सेवा निःशुल्क आहे. त्या गावच्या विहाराच्या फळ्यावर हे दोन क्रमांक आता पौर्णिमांच्या तारखांच्या शेजारी लिहिलेले असतात.

त्या उपासकाविषयी दोन शब्द. उपचारानंतर सुमारे आठ महिने तो कोरडा राहिला, मग पुतण्याच्या लग्नात प्याला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून विहारात आला आणि चार माणसांसमोर त्याने ते सांगितले. त्याची पुढील तपासणीची तारीख पंधरा दिवसांनंतर होती. विहार समितीतील एक तरुण त्यास आणि त्याच्या पत्नीस घेऊन त्याच दिवशी दुपारच्या एसटीने नागपूरला गेला.