रसदेचा हिशेब आणि ग्वाल्हेरचे लष्कर

1810 साली दौलतराव शिंद्यांचा फिरता तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा स्थिरावला, आणि डेऱ्याराहुट्यांच्या जागी कालांतराने वाडे, पेठा व देवालये उभी राहून लष्कर हे नगर वसले. या नगराचा पूर्वेतिहास सांगताना लढाया व तहनामे यांचेच वर्णन विस्ताराने होते. परंतु शिपाई, घोडी, बैल व बुणगे यांच्या त्या अफाट समुदायाला नित्य पुरविल्या जाणाऱ्या दाणावैरणीचा व दारूगोळ्याचा हिशेब कोण तपासत असे, हा प्रश्न लढायांच्या जयापजयाइतकाच मोलाचा आहे.

मराठी राज्यव्यवस्थेने त्याचा विचार फार पूर्वी केला होता. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या अंमलदारांना पाठविलेल्या सुप्रसिद्ध पत्रात, पावसाळ्याची बेगमी आधीच उधळली तर घोडी उपाशी मरतील आणि मग लष्कराचा उपद्रव कुणब्यांना होईल, अशी सक्त ताकीद आहे. गडावर हुकूम हवालदाराचा, हजेरी व दप्तर सबनिसाचे आणि धान्य व सामानसुमान कारखानिसाच्या हवाली, अशी वाटणी असल्यामुळे एकाची लबाडी दुसऱ्याच्या कागदात उघडी पडे. पेशवाईत मुजुमदार, फडणीस आदी दरखदार मामलेदाराच्याच कचेरीत बसत. मात्र त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता, आणि या व्यवस्थेचे सारे सामर्थ्य त्या एका निर्बंधात होते.

महादजी शिंद्यांनी 1784 साली द बॉयन्य या सेनानीस चाकरीस ठेवले आणि पुढे त्याच्या पलटणींच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख जायदाद म्हणून लावून दिला, तेव्हा महसूल, पगार व रसद यांची सांगड पक्की बसून कंपूची शिस्त नावारूपास आली. पुढे ती सांगड सुटली. 1809 मध्ये दौलतरावांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रसिद्ध पत्रांत थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसणाऱ्या शिपायांची वर्णने आढळतात. महाराजपूर व पनियारच्या 1843 मधील पराभवांनंतर संस्थानाची तिजोरी आणखीच खालावली. तिला सावरले ते दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी, आणि स्वतःच्या वेतनासह सर्वांच्या वेतनात कपात करून त्यांनी तुटीच्या जागी शिल्लक आणली.

संस्थाने विलीन झाली, 1956 मध्ये मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. तरी राज्याच्या महालेखापालांची कचेरी ग्वाल्हेरातच राहिली. ज्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अधिकाराखाली ती चालते, त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच कठीण प्रक्रियेवाचून पदच्युत करता येत नाही, असे संविधानाच्या 148 व्या अनुच्छेदात नमूद आहे. दरखदारांच्या नेमणुकीतील तत्त्वच येथे नव्या रूपात दृष्टीस पडते.

आजच्या कारखान्यांत व संस्थांत खरेदी, कोठार, वाहतूक आणि देयके यांचे लेखापरीक्षण होते, त्यालाही हाच दंडक लागू आहे. आवक-जावकीच्या वह्या कितीही नेटक्या असोत, मोजदाद करणाऱ्याची चाकरी कोठावळ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल तर त्याचा हिशेब कागदावरच जुळेल. म्हणून तपासनिसास निर्भय ठेवणे हे प्रत्येक संस्थेचे आद्य कर्तव्य होय.