खालच्या जबड्याचें हाड

मी बोलत आहें तोंवर आपण आपल्या हनुवटीच्या मधोमध बोट टेकवून पाहावें. खालचा जबडा हें एक हाड आहे कीं दोन? बोटाला सांधा लागत नाहीं. तेव्हां एकच, असें आपण सहज म्हणाल. परंतु या एवढ्याशा प्रश्नाचें चुकीचें उत्तर युरोपांतील वैद्यकपंडित सुमारें तेराशें वर्षें प्रमाण मानीत आले.

तें उत्तर गेलन याचें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील हा ग्रीक वैद्य रोमच्या बादशहांचा चिकित्सक होता. मृत मनुष्यदेह चिरण्याची तेथें सोय नव्हती; म्हणून त्यानें माकडें, डुकरें, बैल चिरले. माणसांचे सांगाडे त्यानें पाहिले होते, पण थोडे. खालचा जबडा दोन हाडांचा असून तीं हनुवटीशीं जुळलेलीं असतात, असें त्यानें लिहिलें. कुत्र्याच्या जबड्यांत तसें खरोखरच असतें! गेलनची बुद्धि तोकडी नव्हती. त्याच्या समोरचा देह निराळा होता.

पुढें इ. स. १२०० मध्यें नाईल नदीला पुरेसा पूर आला नाहीं आणि मिसर देशांत भयंकर दुष्काळ पडला. बगदादचा अब्दुल लतीफ हा विद्वान् वैद्य त्या वेळीं कैरो येथें होता. शहराजवळच्या अल्-मक्स नांवाच्या जागीं मृतांच्या हाडांची जणुं टेकडीच झाली होती. अब्दुल लतीफ तेथें गेला आणि कवट्या उचलून पाहूं लागला. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं मिळून दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या. एकीच्याही हनुवटीशीं सांधा आढळला नाहीं. गेलनविषयीं त्याच्या मनांत मोठा आदर होता. तरी गेलनच्या शब्दापेक्षां डोळ्यांची साक्ष अधिक विश्वासाची, असें त्यानें आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. ज्यांच्या अस्थींनीं ही साक्ष दिली ते भुकेनें मेलेले लोक होते, हें मात्र वाचतांना मनांतून जात नाहीं.

युरोपनें ऐकलें तें वेसेलियसचें. १५१४ मध्यें ब्रुसेल्स येथें जन्मलेल्या या तरुणानें लूव्हें शहराबाहेर फांसावर लटकत राहिलेल्या एका मनुष्याचा सांगाडा चोरून घरीं आणला होता. पुढें पादुआ येथें तो स्वतःच्या हातांनीं प्रेतें चिरून शिकवूं लागला, आणि १५४३ मध्यें बाझेल येथें त्याचा शरीररचनेचा महाग्रंथ छापला गेला. त्यांत गेलनच्या दोनशांहून अधिक चुका त्यानें दाखविल्या. जबडा एकच हाड, हें त्यांतलें एक. पॅरिसमधील त्याचे गुरु सिल्व्हियस इतके संतापले कीं, गेलन चुकला नाहीं, त्याच्या काळापासून माणसाचें शरीरच बदललें आहे, असा युक्तिवाद त्यांनीं केला! गुरुभक्तीची याहून मोठी कसरत मला तरी ठाऊक नाहीं.

आतां आपण आपल्याकडे वळूं. चरकांत अस्थींची संख्या ३६०, सुश्रुतांत ३००. आजचें शास्त्र प्रौढ मनुष्याचीं हाडें २०६ मोजतें. आंकडे ऐकून कोणी हंसेल, पण मोजण्याची रीत पाहावी. सुश्रुतांत बत्तीस दांत हाडांतच धरले आहेत आणि कूर्चाही तरुणास्थि म्हणून मोजली आहे. चरकांत दांतांखेरीज त्यांचीं उखळें आणि वीस नखेंही येतात. हनूचें हाड मात्र चरकानें एक आणि सुश्रुतानें दोन सांगितलें आहे. सुश्रुताचीं दोन म्हणजे वरचें व खालचें, असाही अर्थ होऊं शकतो, म्हणून मी घाईनें निकाल देत नाहीं. शिवाय हाडांची संख्या जन्मभर सारखी राहत नाहीं. तान्ह्या मुलाच्या शरीरांत तिच्या मानानें कितीतरी अधिक सुटे भाग असतात, ते वयानुसार सांधत जातात. खालचा जबडाही जन्मतःच दोन अर्धांचा असतो आणि पहिल्या वर्षांतच एक होतो. म्हणजे गेलनचें विधान तान्ह्या बाळाला लागू पडतें!

सुश्रुतानें प्रेत पाहण्याची जी रीत सांगितली आहे ती अशी. विषानें न मेलेल्या, दीर्घ रोगानें न झिजलेल्या मनुष्याचें अखंड प्रेत आंतडीं साफ करून मुंजगवत, कुश वगैरेंनीं गुंडाळावें; पिंजऱ्यांत ठेवून वाहत्या नदींत आडजागीं कुजूं द्यावें; सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यानें हळूहळू घासावें आणि त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनीं पाहत जावा. या रीतीनें कोमल अवयव बिघडत असले, तरी हाडें व सांधे उत्तम दिसत. म्हणूनच सांध्यांचे आठ प्रकार सांगणारा हा ग्रंथकार खांद्याच्या व जांघेच्या सांध्याला उखळ म्हणतो, आणि कवटीच्या शिवणींना शिवलेल्या कपड्याची उपमा देतो. जबड्याच्या सांध्याला त्यानें कावळ्याच्या चोचीचें नांव दिलें आहे.

तो सांधा आतां स्वतःच पाहा. दोन्ही कानांच्या पुढें बोटें ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. प्रथम हाडाचें टोंक दाराच्या बिजागरीसारखें फिरतें, मग पुढें सरकतें; मधली लवचिक चकती त्याच्यासवें जाते. हाड एकच असल्यामुळें दोन्ही टोंकांना जोडीनें वागावें लागतें. जांभई देतांना तें टोंक फार पुढें सटकलें कीं जबडा मिटतच नाहीं. त्याला मूळ जागीं बसवून पंचांगी पट्टी बांधण्यास सुश्रुतानें सांगितलें आहे.

पण पुढें आपल्याकडे ती दृष्टि गेली, पाठांतर उरलें. १८३६ मध्यें कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत आयुर्वेदाचे पंडित मधुसूदन गुप्त यांनीं मनुष्यदेहाचें विच्छेदन केलें; मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें निघालें. यानंतर हाडांचा प्रवास उलट दिशेनें सुरू झाला. परदेशांतील वैद्यकीय विद्यार्थी ज्या सांगाड्यांवर शिकत त्यांतले कितीतरी कलकत्त्याहून पाठविलेले असत. भारत सरकारनें १९८५ मध्यें ही निर्यात बंद केली.

वेसेलियसनें १५४३ मध्यें बाझेल येथें जोडलेला एक सांगाडा त्या शहरांत अजून जपून ठेवला आहे. तो देहदंड झालेल्या एका गुन्हेगाराचा. त्याचें नांव याकोब कारर, हेंही लिहून ठेवलेलें आहे. कलकत्त्याहून गेलेले सांगाडे बहुतेक गोरगरिबांचे. त्यांच्याबरोबर नांव गेलें नाहीं.