बहुस्थळ होस्टिंग आणि सुटसुटीत पत्ते

एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट ठेवून प्रत्येक साइट तिच्या नावाने उघडण्याची सोय म्हणजे बहुस्थळ होस्टिंग; तंत्रज्ञांच्या बोलीत ‘व्हर्च्युअल होस्ट’. पानाचा पत्ता वाचता, तोंडी सांगता आणि लक्षात ठेवता आला की तो सुटसुटीत पत्ता, म्हणजे ‘क्लीन यूआरएल’. या दोन सोयी स्वतंत्र आहेत, पण सहसा जोडीनेच वापरल्या जातात.

सिंधुदुर्ग जिल्ह्याची अधिकृत वेबसाइट हे जवळचे उदाहरण. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या सामायिक व्यवस्थेवर ती उभी आहे आणि देशातल्या इतर अनेक जिल्ह्यांच्या साइटही त्याच व्यवस्थेवर चालतात. साचा एक, मजकूर ज्याचा त्याचा. ‘सिंधुदुर्ग डॉट एनआयसी डॉट इन’ हे नाव कोकणातल्या टपालाच्या पत्त्यासारखेच लहानाकडून मोठ्याकडे जाते: मु. पो. तारकर्ली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग. तिरक्या रेघेनंतर मात्र दिशा उलटते. तिथे आधी भाषा किंवा विभाग, मग पान.

मोबाइलवर नाव टाकले की डीएनएस त्या नावाचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, शोधून देते. सुरुवातीच्या काळात पानाची मागणी सर्व्हरकडे जाई तेव्हा तिच्यात फक्त पानाचा मार्ग असे, साइटचे नाव असेलच असे नव्हते. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी लागे. जुन्या पद्धतीचे आयपी साधारण ४२९ कोटीच; त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपलाही. जानेवारी १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या वेब-संवादाच्या नियमावलीने मागणीत ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची केली आणि प्रश्न सुटला. समजा, तारकर्लीचे एक न्याहारी-निवास आणि देवगडचा एक आंबा बागायतदार एकाच सर्व्हरवर आहेत. दोघांचा आयपी एकच. सर्व्हर ‘होस्ट’ची ओळ वाचतो आणि त्या नावासाठी नेमलेल्या फोल्डरमधले पान देतो. अपाचे किंवा एनजिनएक्स या सर्व्हर-प्रणालींमध्ये प्रत्येक नावासाठी काही ओळींची नोंद केली की काम झाले.

कुलूपवाल्या, म्हणजे एचटीटीपीएस साइटची अडचण आणखी काही वर्षे राहिली. कूटबद्ध संवाद सुरू होण्याआधीच सर्व्हरने योग्य प्रमाणपत्र दाखवायचे असते, आणि ‘होस्ट’ची ओळ तर कूटबद्ध झाल्यावर येते. २००३मध्ये प्रमाणित झालेल्या ‘एसएनआय’मुळे ब्राउझर साइटचे नाव आधीच सांगू लागला. २०१५च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने मोफत प्रमाणपत्रे सर्वांसाठी खुली केली, आणि लहान गावातल्या लहान साइटलाही कुलूप परवडू लागले.

सुटसुटीत पत्त्यामागे पुनर्लेखन असते. आत पान क्रमांकाने साठवलेले असते, बाहेर मात्र प्रश्नचिन्ह, बरोबरचे चिन्ह आणि आकडे यांच्याऐवजी ‘/निवास/तारकर्ली’ एवढेच दिसते. अपाचेसाठी हे काम करणारे ‘मॉड-रीराइट’ राल्फ एंगेलशाल यांनी १९९६मध्ये लिहिले. पुढे वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीने ‘पर्मालिंक’च्या रूपाने हीच सोय संगणकशास्त्र न शिकलेल्यांच्या हाती दिली.

देवनागरी पत्त्यांकडे मराठी माणसाने विशेष लक्ष द्यायला हवे. ‘मालवण’ या शब्दात संगणकाच्या लेखी काना धरून पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा रूपात जातो. म्हणजे एकूण ४५ अक्षरे. ब्राउझरच्या पट्टीत ‘मालवण’ स्वच्छ दिसते, पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा टक्क्यांची लांबच लांब माळ उमटते. पण म्हणून देवनागरी सोडायची नाही. शब्द एक-दोनच ठेवायचे. साइटच्या नावासाठी, म्हणजे डोमेनसाठी, ‘डॉट भारत’ हा देवनागरी पर्याय २०१४पासून उपलब्ध आहे आणि मराठीच्या ‘ळ’लाही त्यात जागा आहे.

एसथ्रीवासवर पानांचे पत्ते सुटसुटीत आहेत, जोडलेल्या फाइलींचे मात्र नाहीत. भरतीची जाहिरात किंवा निविदेची पीडीएफ वेगळ्या सामायिक डोमेनवर असते आणि पत्त्यात तीसएक अक्षर-अंकांची निरर्थक साखळी येते. ती वाचून सूचना कुठल्या जिल्ह्याची हे कळत नाही. खोट्या जाहिराती फिरत असताना ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. लोक पत्ता पाहूनच विश्वास ठेवतात, त्यामुळे फाइलच्या पत्त्यातही जिल्ह्याचे नाव हवे.

सामायिक सर्व्हरला मर्यादा आहेत. मे महिन्याच्या हंगामात एका साइटवर गर्दी उसळली की शेजारच्या साइट मंदावतात. एकीत घुसखोरी झाली की बाकीच्यांनाही धोका पोचतो. म्हणून प्रत्येक साइटचे खाते, डेटाबेस आणि पासवर्ड वेगळे ठेवतात. न्याहारी-निवास, मच्छीमार सोसायटी, वाचनालय किंवा शाळा यांच्या साइटसाठी सामायिक जागा पुरेशी आहे. स्वतंत्र सर्व्हरचा खर्च बहुधा वाया जातो.

सर्व्हर बदलला तरी पत्ता बदलण्याचे कारण नाही. पत्ता बदलावाच लागला तर प्रत्येक जुन्या पानावरून ३०१ या कायमच्या वळणाने नव्या पानाकडे नेले पाहिजे. नाहीतर छापील पत्रके, फलक आणि नकाशांवरचे दुवे ४०४वर, म्हणजे ‘पान सापडले नाही’वर, आपटतात. डोमेनची नोंदणी मात्र मालकाने स्वतःच्याच नावावर करावी, साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर कधीही नाही.