विसरला जाणारा १/क्ष : लॉगरिदमच्या घाताची कथा

१/ लॉग क्षच्या घनाचे विकलन करताना अनेक विद्यार्थी ‘लॉग क्षच्या वर्गाची तिप्पट’ लिहून थांबतात. साखळी नियमानुसार त्याला आणखी १/क्षने गुणावे लागते. हा उपेक्षित गुणक आला कोठून?

२/ जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली. गुणाकाराचे काम बेरजेवर भागवणारे ते आकडेमोडीचे साधन होते. त्याचे विकलन करण्याचा प्रश्नच नव्हता. कलनशास्त्र अद्याप जन्मायचे होते.

३/ १६४७ मध्ये ग्रेग्वार द सें-व्हिन्सें या जेझुइट गणितज्ञाचा ग्रंथ आला. अपास्ताखाली क्ष गुणाकाराने वाढला, तर क्षेत्रफळ बेरजेने वाढते, हे त्यातून दिसत होते. हे लॉगरिदमचेच लक्षण असल्याचे १६४९ मध्ये द सारासाने ओळखले. नैसर्गिक लॉगरिदम म्हणजे १/क्ष या वक्राखालील क्षेत्रफळ. म्हणून त्याच्या वाढीचा दर वक्राच्या उंचीइतका, म्हणजेच १/क्ष.

४/ आता साखळीची दुसरी कडी. लाइब्निझने १६७६ च्या एका टिपणात वर्गमुळाखालील बहुपदीचे विकलन केले : आधी बाहेरच्या वर्गमुळाचे, मग आतल्या बहुपदीचे. त्या आकडेमोडीत चिन्हाची चूक राहिली. या नियमाने प्रथम फसवले ते त्याच्या जनकालाच!

५/ १६९६ मध्ये लोपितालचे विकलनावरील पहिले पाठ्यपुस्तक निघाले. त्यात लॉगरिदमला स्थान नव्हते. ही उणीव पुढच्याच वर्षी योहान बर्नुलीने भरून काढली.

६/ बर्नुलीला ‘क्षचा क्षवा घात’ या वक्राखालील, ० ते १ मधले क्षेत्रफळ हवे होते. त्या फलाची श्रेणी मांडताच प्रत्येक पदात क्षचा घात आणि लॉग क्षचा घात एकत्र आले. अशा पदाचे खंडशः संकलन करताना लॉगच्या घाताचे विकलन करावे लागते. त्यातून निघणारा १/क्ष, संकलनाने वाढलेला क्षचा घात पुन्हा एकाने उतरवतो. क्षचा घात जागच्या जागी राहतो, लॉगचा घात पायरी-पायरीने संपतो. उत्तर आले : १ − १/४ + १/२७ − १/२५६ + …

७/ १७५५ च्या ग्रंथात ऑयलरने लॉगरिदमच्या विकलनाची रीत सुव्यवस्थित मांडली. आजची पाठ्यपुस्तके त्याच वाटेने जातात. उत्तरपत्रिकेत जो १/क्ष गळतो, त्याच्यावाचून बर्नुलीची ही श्रेणी उभीच राहिली नसती.