बोईसर ते १९७२

रात्रपाळी संपवून तुम्ही तारापूर एमआयडीसीतून बोईसर स्टेशनात येता. कपड्यांना सॉल्व्हंटचा वास आहेच. विरारकडची गाडी सुटते आणि काळ उलटा धावू लागतो. पालघर लागतं तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव झालेलं असतं. सफाळ्याला भाजीच्या टोपल्या चढतात. त्या कुठल्याही सालात चढतातच. गोरेगावला उतरता, तेव्हा १९७२.

सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्याचा अर्क तपासताहेत. अतिनील दिव्याखाली एक ठिपका निळा उजळतो. कॅम्प्टोथेसिन! १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत ते एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं; रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर त्याचा गुण दिसला होता. तेच आता आपल्या घाटात सापडलंय.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगणार कसं? हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. शिरेतून देता यावं म्हणून तिकडे त्याचा सोडियम क्षार केला. त्यात रेणूचं लॅक्टोन कडं उघडलं आणि जोर गेला. मूत्राशयातल्या आम्लात कडं पुन्हा मिटलं, तेव्हा रुग्णांच्या लघवीतून रक्त गेलं. चाचण्या गुंडाळल्या जाताहेत. पीएच घसरल्यावर बॅचचं काय होतं, हे रिॲक्टरवर उभ्या राहणाऱ्या तुम्हाला कुणी शिकवायला नको.

१९८५ मध्ये मर्म कळतं. डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापतं. हे द्रव्य तो पुन्हा सांधू देत नाही. कडं शाबूत ठेवून विरघळणारी दोन रूपं, टोपोटेकान आणि इरिनोटेकान, अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडतं. इकडे घाटात नरक्याची चोरटी तोड सुरू होते.

गाडी आजच्या काळात खारघरला सोडते. ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात ९६ खळग्यांच्या प्लेटवर पेशी वाढवतात, वर अर्क घालतात, मग प्रथिनांना गुलाबी रंग देतात. पेशी कमी उरल्या की खळगा फिका. तेवढ्यावर ‘कर्करोगावर रानपाल्याचा उतारा’ अशी बातमी छापणाऱ्यांची मला चीड येते. तुम्ही मात्र प्लेट बाजूला सारून विचारता: पाण्यात किती विरघळतं? निरोगी पेशींचं काय झालं? रक्ताच्या पीएचला रेणू टिकतो का?