मनुष्याची इच्छा आणि देवाची कृपा

ख्रिस्ती धर्माची शिकवण दोन गोष्टी एकाच वेळीं सांगते. पहिली ही कीं, मनुष्यानें जें बरेंवाईट केलें असेल त्याचा जाब त्याला देवापुढें द्यावा लागेल. दुसरी ही कीं, मनुष्याचें तारण त्याच्या स्वतःच्या पुण्याईनें होत नाहीं. तें देवाच्या कृपेनें होतें. पहिली गोष्ट खरी मानली तर मनुष्याची इच्छा स्वतंत्र असली पाहिजे. कारण ज्याला दुसरें कांहीं करितांच येत नव्हतें त्याच्याकडे जाब कसला मागावयाचा? दुसरी खरी मानली तर सद्वर्तनाची प्रेरणाही देवाकडूनच यावयास हवी. मग त्या स्वातंत्र्याला अर्थ तो काय उरला? पहिलीं चार शतकें या दोन शिकवणुकी ख्रिस्ती मंडळींत शेजारीं शेजारीं नांदल्या. पांचव्या शतकाच्या आरंभीं मात्र त्यांची टक्कर झाली, आणि त्या टकरीचे पडसाद पुढें हजारांवर वर्षें उमटत राहिले.

आरंभींच्या ख्रिस्ती आचार्यांना इच्छास्वातंत्र्याचा पुरस्कार करण्यास विशेष कारण होतें. त्यांच्या भोंवतालच्या रोमन जगांत ग्रहताऱ्यांवर आणि अटळ दैवावर लोकांची श्रद्धा मोठी होती. दुसऱ्या शतकांतील जस्टिन आणि तिसऱ्या शतकांतील ओरिजेन यांनीं आग्रहानें सांगितलें कीं, ग्रह मनुष्याला पाप करावयास लावीत नाहींत. देवानें त्याला विवेक दिला आहे आणि निवड त्याच्या हातीं ठेविली आहे. दैवाच्या बेडींतून सुटका, हें त्या काळीं ख्रिस्ती उपदेशाचें एक मोठें आकर्षण होतें.

चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्यें राहणारा पेलाजियस हा याच परंपरेंतला होता. तो मूळचा ब्रिटन बेटांतला. वृत्तीनें तपस्वी, आचरणानें निष्कलंक. इ. स. ३८० मध्यें थिओडोसियस बादशहानें ख्रिस्ती धर्माला राजाश्रयाचें सर्वोच्च स्थान दिलें होतें. त्यानंतर बाप्तिस्मा घेणें हें भक्तीपेक्षां प्रतिष्ठेचें लक्षण होऊं लागलें. नांवानें ख्रिस्ती आणि वागणुकीनें पूर्वीसारखेच, अशा धनिकांनीं रोम भरून गेलें. त्यांना उपदेश करावा तर ते म्हणत, "मनुष्य दुबळा आहे, देवाच्या आज्ञा कठीण आहेत." पेलाजियसला या उत्तराचा संताप येई. ज्यानें मनुष्य निर्माण केला त्याला मनुष्याची शक्ति ठाऊक नसेल काय ? जें अशक्य आहे तें करावयास सांगून, न केल्याबद्दल शिक्षा करणारा देव न्यायी कसा म्हणावा ? असा त्याचा सवाल होता.

पेलाजियसनें आपलें मत मोठ्या रेखीवपणें मांडलें. प्रत्येक कर्मांत तीन अंगें असतात : सामर्थ्य, इच्छा आणि कृति. सामर्थ्य देवानें दिलेलें असतें. इच्छा आणि कृति मनुष्याच्या असतात. डोळ्यांना दिसतें ही देवाची देणगी; त्या डोळ्यांनीं चांगलें पाहावयाचें कीं वाईट, हें पाहणाऱ्याचें काम. कृपा हा शब्द तो नाकारीत नसे. देवानें दिलेली विवेकशक्ति, धर्मशास्त्र, ख्रिस्ताचें उदाहरण आणि बाप्तिस्म्यानें होणारी मागील पापांची क्षमा, या सर्वांस तो कृपाच म्हणे. परंतु आदामाच्या पापानें साऱ्या मानवजातीची इच्छाच बिघडली, हें त्याला मान्य नव्हतें. आदामानें वाईट उदाहरण घालून दिलें. पुढच्यांनीं त्याचें अनुकरण केलें. आणि अनुकरणाची संवय झाली, इतकेंच. संवय कितीही जुनी असली तरी ती मोडतां येते, हा त्याचा विश्वास होता.

त्याच्यासमोर उभा राहिला तो उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन. हें नगर आजच्या अल्जीरियांतील अन्नाबा होय. ऑगस्टीनचा जन्म ३५४ सालचा. तारुण्यांत तो सुमारें नऊ वर्षें मानी पंथाचा अनुयायी होता. जगांत प्रकाश आणि अंधार अशीं दोन तत्त्वें झगडत असून मनुष्याच्या हातून घडणारें पाप हें अंधाराचें कृत्य आहे, असें तो पंथ शिकवी. ही शिकवण सोडून ३८७ सालीं ऑगस्टीननें मिलान येथें बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें जुन्या सोबत्यांचें खंडन करण्यासाठीं इच्छास्वातंत्र्यावर एक ग्रंथ लिहिला. पाप कोणत्याही काळ्या तत्त्वाचें नसून इच्छेचें असतें, असें त्यांत प्रतिपादन होतें. पुढें पेलाजियसनें याच ग्रंथांतील वचनें त्याच्यावर उलटविलीं !

परंतु ऑगस्टीनला स्वतःच्या मनाचा जो अनुभव आला होता, तो पेलाजियसच्या रेखीव विभागणींत बसत नव्हता. आपल्या आत्मनिवेदनांत त्यानें सोळाव्या वर्षींची एक हकीकत सांगितली आहे. मित्रांसह त्यानें शेजारच्या झाडाचीं नासपतीचीं फळें चोरलीं. भूक नव्हती; घरीं याहून चांगलीं फळें होतीं; चोरलेलीं बहुतेक डुकरांपुढें टाकून दिलीं. गोडी होती ती केवळ निषिद्ध गोष्ट करण्याची. दुसरा अनुभव मिलानच्या बागेंतला, ३८६ सालचा. मन हाताला हलावयास सांगतें आणि हात तत्काळ हलतो. पण तेंच मन स्वतःला बदलावयास सांगतें, तेव्हां मात्र ऐकत नाहीं, हें पाहून तो थक्क झाला. इच्छा एक नव्हती. ती दुभंगलेली होती. अशा मनुष्याला "तूं ठरव, म्हणजे झालें" असें सांगणें हें लंगड्याला धांवण्याचे नियम शिकविण्यासारखें आहे, असें ऑगस्टीनला वाटलें तर नवल नाहीं. म्हणूनच आत्मनिवेदनांत तो देवाजवळ मागतो कीं, आज्ञा तुझी असो आणि ती पाळण्याचें बळही तुझेंच असो. ही प्रार्थना रोममध्यें एका बिशपाच्या तोंडून ऐकतांच पेलाजियस चिडला, असें ऑगस्टीननेंच नमूद करून ठेविलें आहे.

इ. स. ४१० च्या ऑगस्टमध्यें अलारिक राजाच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. त्या धामधुमीच्या दिवसांत पेलाजियस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. हिप्पोंत तो आला तेव्हां ऑगस्टीन गांवीं नव्हता. कार्थेजला एकदोनदां दोघांची दृष्टादृष्ट झाली, पण वादविवाद झाला नाहीं. पेलाजियस पॅलेस्टाइनला निघून गेला. त्याचा शिष्य सेलेस्टियस मात्र कार्थेजमध्यें राहिला, आणि तेथें ४११ सालीं त्याच्या मतांची चौकशी झाली. प्रश्न तान्ह्या मुलांचा निघाला. नुकतें जन्मलेलें मूल पतनापूर्वींच्या आदामाइतकेंच निर्दोष असतें, असें सेलेस्टियसचें म्हणणें होतें. तें जर निर्दोष, तर त्याला पापक्षालनासाठीं बाप्तिस्मा कां द्यावयाचा ? तत्त्वज्ञांचा वाद अशा रीतीनें प्रत्येक घरांतल्या पाळण्यापर्यंत येऊन पोंचला.

पुढील सात वर्षें हा झगडा धर्मसभांतून चालला. ४१५ सालीं पॅलेस्टाइनमधील डायोस्पोलिस येथें चौदा बिशपांच्या सभेनें पेलाजियसला निर्दोष ठरविलें. ४१६ मध्यें आफ्रिकेंतील दोन सभांनीं त्याचीं मतें धिक्कारलीं, आणि पोप इनोसंट यानें ४१७ च्या आरंभीं त्यांना दुजोरा दिला. त्याच वर्षीं इनोसंट वारला. नवा पोप झोसिमस हा आरोपींकडे सहानुभूतीनें पाहूं लागला. अखेर ३० एप्रिल ४१८ रोजीं होनोरियस बादशहानें राव्हेन्नाहून फर्मान काढून पेलाजियस आणि सेलेस्टियस यांना रोममधून हद्दपार केलें. दुसऱ्याच दिवशीं कार्थेजला दोनशेंहून अधिक बिशपांनीं त्यांचीं मतें त्याज्य ठरविलीं, आणि झोसिमसलाही मान तुकवावी लागली. मनुष्याची इच्छा कितपत स्वतंत्र आहे या प्रश्नाच्या निकालांत बादशहाचा दंडा पडला, हें विसरतां येत नाहीं. विरोधी पंथाच्या लोकांना राजदंडाच्या धाकानें योग्य मार्गावर आणणें सशास्त्र आहे, असें ऑगस्टीननें यापूर्वींच डोनाटस पंथीयांच्या बाबतींत लिहिलें होतें.

या निकालापुढें न नमणारे अठरा बिशप इटलींत निघाले. त्यांचा पुढारी एक्लानमचा ज्युलियन. त्याचा पिता ऑगस्टीनचा स्नेही होता. पण पुत्राची लेखणी तलवारीसारखी चालली. ज्या बालकानें डोळे उघडून जग पाहिलें नाहीं, त्याला दुसऱ्याच्या पापासाठीं दोषी ठरविणारा देव, हा देव कीं जुलमी राजा ? असा त्याच्या प्रश्नाचा रोंख होता. ऑगस्टीन अजून मानी पंथीच आहे, असाही त्यानें आरोप केला. ऑगस्टीनचें उत्तर असें कीं, निरपराध दिसणारीं बालकें रोगानें तळमळतात, हें सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. देव न्यायी असेल तर या दुःखाच्या मुळाशीं मानवजातीचा कांहीं जुना दोष असलाच पाहिजे. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या बालकांना शिक्षा होते, पण ती सर्वांत सौम्य असते, येथपर्यंत तो जाऊन पोंचला. त्याच्या विचारांतील हा भाग कठोर आहे, आणि तो त्याच्या अनुयायांनाही नेहमींच जड गेला आहे. २००७ सालीं कॅथॉलिक पंथाच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळानें अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असें जाहीर केलें.

परंतु ऑगस्टीनला सर्वांत अवघड प्रश्न विरोधकांनीं विचारला नाहीं. तो त्याच्याच बाजूच्या साध्या मठवासीयांनीं विचारला. आजच्या ट्युनिशियांतील हाद्रुमेतुम येथील मठांत ४२६ च्या सुमारास त्याच्या एका पत्राची नक्कल येऊन पोंचली. ती वाचून मठांत खळबळ उडाली. चांगलें वागणें हें सर्वस्वीं देवाचें दान असेल, तर चुकलेल्या बंधूला मठाधिपतीनें रागें कां भरावें ? त्याच्यासाठीं केवळ प्रार्थना करावी म्हणजे झालें ! ऑगस्टीन तेव्हां सत्तरी ओलांडलेला होता. त्यानें या मंडळींसाठीं दोन ग्रंथ लिहिले. त्यांतील मतितार्थ असा : कृपा इच्छेला बाजूला सारून काम करीत नाहीं, ती इच्छेलाच बरें करिते, आणि मग बरी झालेली इच्छा स्वतःच चालूं लागते. बोलणें खाणें हेंही कृपेच्या हातांतलें एक साधन असूं शकतें. रोग्यानें वैद्याचें औषध घेतलें म्हणून त्याचें चालणें वैद्याचें होत नाहीं. पण औषधावांचून तो चालला असता, असेंही म्हणतां येत नाहीं.

येथेंच दोघांच्या मतभेदाचें मूळ स्पष्ट होतें. स्वातंत्र्य या एकाच शब्दाचे ते दोन अर्थ करीत होते. पेलाजियसच्या दृष्टीनें स्वातंत्र्य म्हणजे तराजूचा समतोल कांटा. भलें आणि बुरें दोन्हीकडे तो सारखाच झुकूं शकला पाहिजे. ऑगस्टीनच्या दृष्टीनें असा कांटा हें स्वातंत्र्याचें पूर्ण रूपच नव्हे. देव पाप करूं शकत नाहीं. म्हणून तो परतंत्र ठरतो काय? आदामाला पाप न करण्याचें सामर्थ्य होतें. पतित मनुष्याला पाप टाळण्याचें सामर्थ्य उरलें नाहीं. उद्धरलेल्यांना पाप करण्याची शक्यताच राहणार नाहीं, आणि तेंच खरें स्वातंत्र्य, असा त्याचा सिद्धांत होता. एकाचा स्वतंत्र मनुष्य म्हणजे चव्हाट्यावर उभा असलेला वाटसरू. दुसऱ्याचा स्वतंत्र मनुष्य म्हणजे घरीं पोंचलेला.

ऑगस्टीन २८ ऑगस्ट ४३० रोजीं वारला. तेव्हां व्हँडल सैन्याचा हिप्पोला वेढा पडला होता, आणि ज्युलियनला द्यावयाचें उत्तर अर्धवट लिहून झालें होतें. त्याचा विजय मात्र सर्वस्वीं मान्य झाला नाहीं. पूर्वेकडील ग्रीक मंडळींनीं देवाची कृपा आणि मनुष्याचा प्रयत्न यांच्या सहकार्याचीच भाषा कायम ठेविली. दक्षिण गॉलमध्यें जॉन कॅसियन यानें श्रद्धेचा पहिला अंकुर कधीं कधीं मनुष्याच्या बाजूनेंही फुटतो, असें सुचविलें. ५२९ सालच्या ओरांज येथील सभेनें तोल साधला : श्रद्धेचा आरंभही कृपेनेंच होतो, परंतु देव कोणाला पापासाठीं नेमून ठेवितो, हें मत सर्वथा त्याज्य होय. पुढें १५२४ सालीं इरॅस्मसनें इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनें आणि १५२५ मध्यें लूथरनें त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिले, तेव्हां जुनाच वाद नव्या वेषांत उभा राहिला. १५४७ सालीं ट्रेंटच्या सभेनें ठरविलें कीं, पतनानें इच्छा दुर्बल झाली, नष्ट झाली नाहीं. या प्रश्नाशीं निगडित असलेल्या मुख्य मुद्यावर, कीं मनुष्य देवापुढें कृपेनेंच निर्दोष ठरतो, कॅथॉलिक आणि लूथरपंथी यांनीं संयुक्त निवेदनावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, ऑग्सबर्ग येथें.

पेलाजियसच्या ग्रंथांचा एक भाग टिकला, तो एका विचित्र योगायोगानें. पौलाच्या पत्रांवरील त्याचें भाष्य मध्ययुगांत त्याचा कडवा विरोधक जेरोम याच्या नांवावर वाचलें जात असे. ज्याला पाखंडी ठरवून हांकलून दिलें, त्याचे शब्द श्रद्धावान लोक शतकानुशतकें आदरानें वाचीत राहिले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आळसाला दुबळेपणाचें नांव देणाऱ्याला पेलाजियसची गरज असते. आणि पुन्हां पुन्हां निश्चय करून पुन्हां पुन्हां पडणाऱ्याला ऑगस्टीनची. ख्रिस्ती धर्मानें दुसऱ्याला आचार्य मानलें, पण पहिल्याचा प्रश्न त्याला कधींच टाकून देतां आला नाहीं. कारण प्रार्थनेला बसणारा मनुष्य सारें देवावर सोंपवितो, आणि उठून कामाला लागणारा तोच मनुष्य सारें आपल्यावर आहे असें समजून चालतो.