क्रोम अपडेट होत नाही? आधी मोबाईलचा अँड्रॉइड आकडा बघा

विसरवाडी (ता. नवापूर) : सातबारा बघायचा असो की पीक विम्याचा अर्ज भरायचा, आपल्याकडे बरेच जण मोबाईलवर क्रोमच उघडतात. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या क्रोम 139 पासून अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचा फोन लागतो. अँड्रॉइड 8 आणि 9 वाल्यांची गाडी 138 वरच थांबली. क्रोम बंद पडत नाही, पण सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही. म्हणून अशा फोनवर बँकेचं काम टाळलेलं बरं. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ असतं, तिथे आकडा दिसतो.

अपडेट मिळतं त्यांच्यासाठी एक सोय कामाची आहे. वरची पत्त्याची पट्टी आता खाली घेता येते. पट्टीवर बोट दाबून धरलं की पर्याय येतो. एका हातात बैलाचा दोर असला तरी अंगठा पोचतो!

व्हॉट्सॲपवर ‘क्रोम अपडेट’ म्हणून एपीके फाईल आली, तर कुणीही पाठवलेली असो, उघडू नका. अपडेट प्ले स्टोअरमधूनच करायचं. तिथे क्रोम शोधा. ‘अपडेट’ बटण दिसलं तर दाबा, नुसतं ‘उघडा’ दिसलं तर तुमच्या फोनला मिळणारं शेवटचं अपडेट झालेलं आहे.